कापसाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

आमच्या घरच्या समोरच्या खोलीला सगळे बैठक म्हणत, पण दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत तिथं माणसाला बसायला जागा नसे. तिथं कापूस बसे. जमिनीपासून थेट छतापर्यंत. खिडकी बुजलेली, दाराला आतून आडव्या फळ्या लावलेल्या, आणि दार उघडलं की सरकीचा तो तेलकट, उबट वास नाकात शिरायचा. पाहुणे आले तर ओसरीवर, पोथी ठेवली तर ओसरीवर. बहिणीला पाहायला आले तेव्हासुद्धा मुलाकडची मंडळी ओसरीवर गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि आत कापूस आपला ऐसपैस. "भाव येऊ दे," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. आम्ही बडनेऱ्याच्या पुढं, अकोल्याच्या रस्त्याला लागून असलेल्या गावचे. काळी जमीन, घरचा कापूस, घरची तूर. आमच्याकडे ज्याच्या बैठकीत माघातही कापूस आहे तो माणूस दमदार समजला जातो, आणि बाबांना दमदार दिसायची भारी हौस होती. होळीनंतर मात्र सगळे विकून मोकळे होतात, कारण ऊन तापलं की घरातल्या कापसानं अंगाला खाज सुटते. साधी नाही. माणूस भिंतीला पाठ घासत बसतो, अशी. ही गोष्ट वऱ्हाडातलं शेंबडं पोरही जाणतं. त्या एका उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांना माहीत असूनही कापूस हलला नाही, त्याची ही हकिकत.

मी तेव्हा अमरावतीला पॉलिटेक्निकला जाऊन-येऊन करत होतो. रोज एसटी, रोज कानात वायरी आणि वायरीत रॅप. त्या दिवसांत आमच्या वर्गातल्या प्रत्येक दुसऱ्या पोट्ट्याला आपण रॅपर आहोत असं वाटायचं. मला नुसतं वाटायचं नाही, माझी खात्री होती. मोबाइलमध्ये मी ओळींवर ओळी लिहून ठेवल्या होत्या. बसस्टँडसमोर गिला वडा खाताना, प्रॅक्टिकलच्या तासाला, संडासात, कुठंही. पण नुसतं लिहून काय होतं? रेकॉर्ड केल्याशिवाय रॅपर होता येत नाही, आणि रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागतो. मग म्हटलं, आपणच करू. गावातल्या डीजेवाल्या मित्राकडे दोन लग्नसराया मी मोठमोठे स्पीकर उचलले होते. त्याच्या बदल्यात त्यानं एक वापरलेला कंडेन्सर माइक आणि लॅपटॉपला जोडायचं छोटं साउंड कार्ड दिलं. लॅपटॉप एका सिनियरचा जुना, त्याच्या दोन-चार कळा निघालेल्या. माइकला स्टँड नव्हता, म्हणून बंद पडलेल्या उभ्या पंख्याचं मुंडकं काढून त्याच्या दांडीला माइक बांधला. तोंडातली हवा माइकवर आदळली की फटफट आवाज येतो, त्यासाठी मध्ये जाळी धरावी लागते. ती आईच्या भरतकामाच्या गोल रिंगेवर बहिणीची नायलॉनची ओढणी ताणून केली. आईनं रिंग शोधत घर उलथंपालथं केलं, आणि सापडली तेव्हा ती माझ्या तोंडासमोर. "काय रे," ती म्हणाली, "याच्यातून बोलनं चाळून निंगते काय?"

सगळं जमलं, आवाज जमेना. मागच्या खोलीत बोललो की आवाज भिंतीवर आपटून परत यायचा, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. स्वयंपाकघरात कुकर. ओसरीवर पिठाच्या चक्कीची टुकटुक आणि शेजारच्यांच्या म्हशी. डोक्यावरून गोधडी घेऊन बोललो तर दोन ओळींत घामानं न्हालो. एके दुपारी कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. घरात मोकळं बोलायची सोय नाही, म्हणून वरची फळी सरकवून कापसाच्या खोलीत शिरलो, दाराजवळचा ढीग खाली दाबून त्यात कमरेएवढा रुतून बसलो आणि दार ओढून घेतलं. "हॅलो" म्हटलं आणि गप्पच झालो. माझा आवाज तोंडातून निघाला आणि तिथंच संपला. मागं काही नाही, पुढं काही नाही. इतका जवळचा, इतका कोरडा आणि स्वच्छ आवाज मी माझा कधी ऐकला नव्हता. ती तिकडून "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि मी इकडे टाळ्या वाजवून पाहत होतो. टाळीही वाजली की विषय संपला. ती मैत्रीण पुढे टिकली नाही, पण स्टुडिओ मिळाला. आज अमरावतीत माझं साउंडचं दुकान आहे, मागे रेकॉर्डिंगची खोली आहे, भिंतींना चांगल्यातला फोम लावला आहे. पोरं येतात आणि "भारी आवाज येते, दादा" म्हणतात. ज्यानं कापसाच्या खोलीत बोलून पाहिलं त्याला फोमचं काय कौतुक!

तर खोली मी शोधली, वायरी माझ्या, पंख्याच्या दांडीची अक्कल माझी. आणि मग अकोल्याहून रोशन आला.

रोशन माझा आत्तेभाऊ, माझ्याच वयाचा. तो पाळण्यात असतानाच त्याचे वडील गेले. आत्या अकोल्यात शिवणकाम करून त्याला वाढवत होती. आमच्या घराण्यात मामा भाच्याच्या पाया पडतो. पुण्याकडच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, पण आमच्याकडे आहे तसं. रोशन नाक पुसता न येणारा पोरगा असल्यापासून तो दारात आला की माझा सहा फुटी बाप डोक्यावरची टोपी सारखी करून त्याच्या पायाला हात लावायचा. भाच्याला अरे-तुरे करायचं नाही, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही, पाप लागतं. "या रोशनबाबू", "बसा रोशनबाबू", "रोशनबाबूले पानी दे बे". त्यातला शेवटचा 'बे' म्हणजे मी. बाबांनी मला कधी मंगेश म्हणून हाक मारल्याचं आठवत नाही. "बे, ढोरं सोडले का?" "बे, तोंडाकडे काय पाहून राह्यला?" रोशन येणार म्हटलं की आई पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायची, तर्रीवाला, वर सांबाराची हिरवी पखरण. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मला पातोडी जीव की प्राण, हे तिला माहीत होतं, पण रोशन आला नाही आणि पातोडी झाली असं कधी घडलं नाही. बापाविना पोर म्हणून सगळं गावही त्याला तळहातावर झेलायचं. मी त्याच्यावर जळायचो. लपवून काय करू? छातीच्या खाली, उपाशीपोटी ठेचा खाल्ल्यावर जळतं तसं खरोखर जळायचं.

तरी मीच कौतुकानं त्याला खोली दाखवली. माझीच हौस, दुसरं काय! शनिवारी पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून तो आला होता. "माहोल हाये बे मंग्या," म्हणत तो कापसात धपकन बसला. "लाव एखादी बीट." मी इंटरनेटवरून उतरवलेली एक बीट लावली. त्यानं काही लिहून आणलं नव्हतं. मान हलवत थोडा वेळ ऐकलं आणि सुरू झाला:

सूर्य उगोते अठीच, भाऊ, बाकी जागी त पोचते
अकोल्याचं ऊन हाये, सावलीत बी टोचते

आवाज जाड, खरखरीत. शब्द बीटच्या जरासा मागं राहायचा आणि ओळ संपता संपता नेमका तिला गाठायचा. हे शिकून येत नाही; मी महिनोन्महिने घासून पाहिलं होतं. हेडफोनमधून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, मला आनंदानं हसू फुटलं, आणि त्याच दमात मनात आलं, याची जीभ झडो. तो अकोल्याला परत गेल्यावर मी माझ्या चार ओळी बोलून पाहिल्या. आकाशवाणीवर कोणी बाजारभाव वाचतंय असं वाटलं. लगेच खोडून टाकल्या. तरी एकटा असलो की आत बसून त्याच पुटपुटत राहायचो. पुढच्या शनिवारी तो म्हणाला, "आता तू घे ना बे." मी म्हटलं, "आधी तुह्यं होऊ दे." मग हेच आमचं ठरून गेलं. तो बोलणारा आणि मी बटण दाबणारा.

रेकॉर्डिंग दुपारी चालायचं. जेवणं झाली की गाव पेंगायला लागतं, चक्की बंद होते, म्हशी डबक्यात जातात. लाइन असेल तर तेवढ्या वेळात काम उरकायचं. पंखा लावायचा नाही, माइक त्याची घरघर धरतो. रोशन ढिगात उभा, मी दाराजवळ फळीवर लॅपटॉप घेऊन. एकेका ओळीचे कितीतरी टेक व्हायचे. तो बाहेर यायचा तेव्हा डोक्यावर, भुवयांवर, मिशीच्या कोवळ्या केसांवर कापूस चिकटलेला, आणि आई हसून म्हणायची, "या म्हातारबुवा, दमले असान!" मग पदरानं त्याचं डोकं पुसून द्यायची, लिंबाचं सरबत हातात द्यायची. माझ्याही डोक्यावर तेवढाच कापूस असायचा. "तू अंगनात जाऊन झटक, घरभर नोको पाडू," हे मला. बाबा ओसरीवरून विचारायचे, "रोशनबाबू, जमलं का मनासारखं?" बाबांना रॅपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "इतक्या घाईनं काहून बोलते, गाडी सुटून राह्यली काय?" असं त्यांनी मला एकदा हळूच विचारलं होतं. पण रोशननं ओसरीवर चार ओळी म्हणून दाखवल्या की मांडीवर थाप मारून "वा! वा!" करायचे. त्यांची ती "वा" ऐकली की मी आत जाऊन उगाच वायरी गुंडाळत बसायचो.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत मी ते सगळं साफ करायचो. त्याचे श्वास कापायचो, खोकला काढायचो, ढिलं पडलेलं अक्षर उचलून जागेवर बसवायचो. एखाद्याचा आवाज असा कानाला लावून बसलं की त्या माणसाचं बरंच कळतं. कुठं तो दम घेतो, कुठं थुंकी गिळतो, कुठं घाबरतो. त्याच्या एका ओळीत 'बाप' हा शब्द होता, आणि प्रत्येक टेकमध्ये तो शब्द आला की रोशन घाई करायचा, चटका बसल्यासारखा पुढं पळायचा. मी ती घाई कापून सरळ केली आणि पुढच्या ओळीला लागलो. त्यावेळी त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. कोणी म्हणेल, एवढा जळत होतास तर बिघडवलं का नाहीस? वा रे वा! काम माझं होतं ते. उलट रागात हात चांगला चालतो. ते पहिलं गाणं मी अजून गिऱ्हाइकांना नमुना म्हणून ऐकवतो. आवाज कोणाचा ते विचारल्याशिवाय सांगत नाही.

होळी झाली, ऊन तापलं. गावातल्या बैठका एकेक करून मोकळ्या झाल्या, लोक आपल्याच घरात पुन्हा पाय पसरून बसायला लागले. दरवर्षी आमचा कापूस घेणारे शेठ एके दुपारी आले, भाव चांगला म्हणाले, गाडी पाठवतो म्हणाले. मी आणि रोशन आत होतो, फळ्यांमागे. ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, "थांबा सेठ थोडं. आमच्या भाच्याचं काम चालू हाये खोलीत." शेठ हसले. "गान्यासाठी कापूस ठेवून राह्यले, पाटील?" "हाव," बाबा म्हणाले, "भाचा हाये." रोशननं मला डोळा मारला. माझ्या अंगाची लाही झाली. माझी दहावीची परीक्षा होती तेव्हा ह्याच बापानं अंगणात मळणीयंत्र लावलं होतं. मी कानात बोळे घालून भूमिती करत होतो, आणि आईनं "पोराचा पेपर हाये" म्हटलं तर उत्तर आलं होतं, "पेपर त्याचा हाये, हरभरा माह्या हाये." एक दिवस थांबले नव्हते. आणि आता भाच्याच्या गाण्यासाठी बाजारातला भाव थांबवला!

मग खाज सुटली. आधी आईच्या हातांना, मग बहिणीला, मग सगळ्यांनाच. आई कडुनिंबाचा पाला उकळून अंघोळीला पाणी द्यायची. बाबा ओसरीच्या खांबाला पाठ घासायचे, डोळे मिटून, हुं-हुं करत, पण कापसाचं नाव काढायचे नाहीत. रोशन अकोल्याला गेला की त्याची खाज दोन दिवसांत बसायची. आमची कुठं जाणार? रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या खाजवण्याचा खर्रखर्र आवाज यायला लागला, तोही मीच काढायचा. तरी गाणं पुरं झालं. डीजेवाल्या मित्राचा एक स्पीकर ओसरीवर आणून ठेवला, शेजारपाजारचे जमले, आणि रोशनचा आवाज आमच्या अंगणात असा काही घुमला की समोरच्या म्हशी खुंट्याला ओढ द्यायला लागल्या. लोकांनी पुन्हा लावायला लावलं. बाबांनी रोशनच्या गळ्यात दुपट्टा घातला, हातात नारळ दिला आणि सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडले. कोणीतरी विचारलं, "रेकॉर्डिंग कोनी केलं गा?" मी स्पीकरची वायर धरून उभाच होतो. बाबा म्हणाले, "अठीच झालं, आमच्या घरी." बस. एवढंच. माझं नाव नाही, बोट दाखवणं नाही. त्या रात्री मी जेवलो नाही आणि पातोडी होती.

मला वाटलं, गाणं झालं, आता कापूस जाईल आणि हा सगळा प्रकार मिटेल. शेठ पुन्हा आले. बाबांनी पुन्हा हात जोडले, "अजून थोडं थांबा सेठ. खोली मोकळी नाई होत." भाव आता जरा घसरायला लागला होता, शेठनं तसं सांगितलंही. रोशननं नुकतंच दुसऱ्या गाण्याचं काहीबाही सुरू केलं होतं, तेव्हा मला काय समजायचं ते मी समजलो. स्वयंपाकघरात जाऊन आईवर उखडलो. "भाच्यापायी घरदार खाजवून मरन, पन बाबा कापूस काढनार नाई!"

आई भाकर थापत होती. "तुह्या पोटात काहून दुखते?"

"दुखत नाई, जळते!"

"मंग मले काहून सांगतं? बापाले सांग ना जाऊन. तुमी दोघंबी सारखेच. एकाचं तोंड उघडत नाई अन् दुसऱ्याचं बंद होत नाई." आमच्यातला कोण कोणता, ते तिनं सांगितलं नाही. तिच्या दोन्ही मनगटांवर खाजवून खाजवून रक्ताच्या रेघा उठल्या होत्या. भाकर तव्यावर टाकून तिनं पदराला हात पुसले, बाबांचा मोबाइल उचलला आणि स्वतः शेठना फोन लावला. "रविवारी गाडी पाठवा भाऊ. हाव, मी सांगून राह्यली. माप तुमचं, गाडी तुमची, खोली माह्यी."

रविवारी सकाळी गाडी दाराला लागली. मजुरांनी फळ्या काढल्या आणि मोठमोठ्या कापडी पालांत कापूस बांधून बाहेर न्यायला सुरुवात केली. ढीग उतरत गेला तशी आधी खिडकी दिसायला लागली, मग तिच्यातून ऊन आलं, मग मागच्या भिंतीवरचं कोणत्या तरी जुन्या वर्षाचं कॅलेंडर, मग जमीन. रोशन आदल्या दिवशीच आला होता. तो मजुरांना पाणी देत होता आणि सगळे "राहू द्या रोशनबाबू" करत होते. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. कोपऱ्यात तेवढी माझी पंख्याची दांडी, माइक आणि लॅपटॉप. मी आत जाऊन वायर सोडायला लागलो. माझ्या पावलांचासुद्धा आवाज व्हायला लागला होता.

बाबा मागून आले. "काहून काढून राह्यला?"

"मंग काय करू? खोली गेली ना."

"अन् तुह्यं?"

"माह्यं काय?"

"तुह्यं गानं बे!" ते ओरडलेच. "भाच्याचं त कईच झालं. दुसऱ्यांदा मी सेठले वापस कायले धाडलं? म्हटलं हा आज बोलीन, उद्या बोलीन. तू त नुसत्या वायरी गुंडाळत राह्यला!"

मी वायर हातात धरून तसाच उभा राहिलो. "तुमाले काय माहीत, मी बोलतो म्हनून?"

"तू एकटा असला का आत काहीतरी बोलतं. म्या ओसरीवर लई दिवस कान देल्ला. एक शब्द समजला नाई. कापसानं समदं खाल्लं." ते बोलता बोलता भिंतीला टेकून खाली बसले, फरशीवर, उरल्यासुरल्या कापसात, आणि पाठ घासायला लागले. "बोल आता."

"आता आवाज घुमते, बाबा. काही कामाचं येनार नाई."

"घुमू दे."

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्याला बाबांची सही पाहिजे होती. बाबा हलले नाहीत. मी रेकॉर्डिंग चालू केलं. ते का केलं कोण जाणे, सवय म्हणून केलं असेल. मोबाइलमध्ये पाहत सुरू केलं:

दार लाव, पंखा बंद, माइक चालू, तोंड बंद
दुसऱ्याचा आवाज साफ कराचा लागला मले छंद

"अबे, जोरानं बोल ना!" बाबा मध्येच गरजले. "तोंडात सरकी धरली काय? मुंडी वर कर! मोबाइलले सांगून राह्यला का मले?"

मी मुंडी वर केली. मला राग आला होता. त्या रागातच पुन्हा पहिल्यापासून बोललो, मोबाइल खाली ठेवून, त्यांच्याकडे पाहत. रिकाम्या खोलीत प्रत्येक शब्द दोनदा-तीनदा वाजत होता, रेकॉर्डिंगच्या दृष्टीनं अगदी नासकं काम. बाबांनी मांडीवर थाप मारली. "हाव! आता निंगला आवाज. पुढं?"

दुसऱ्याचे श्वास कापतो, माह्या श्वासाले कोन पुसे
आरशात पाह्यलं तरी मले त्याचंच थोबाड दिसे

"कोनाचं थोबाड?" बाबांनी विचारलं, आणि मी दाराकडे पाहिलं. रोशन उभा होता, खांद्याला पिशवी, गाडीची वेळ झाली म्हणून निरोप घ्यायला आलेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता जमीन फाटावी. पण तो माझ्याकडे पाहतच नव्हता. तो बाबांकडे पाहत होता, फरशीवर फतकल मारून बसलेल्या, टोपी सरकलेल्या, पाठ खाजवणाऱ्या माझ्या बापाकडे.

"मामाजी," तो म्हणाला, "मले त तुमी असं कधीच नाई रागावले."

बाबा लगबगीनं उठले. टोपी सारखी केली, धोतराचा कापूस झटकला. "तुमाले कसं रागावीन, बाबू? तुमी आमचे भाचे." आणि तो निघाला होता म्हणून वाकून त्याच्या पायाला हात लावला. बाबांच्या वाकलेल्या पाठीवरून रोशननं माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी ओळखला. तो चेहरा घेऊन मी वर्षानुवर्षं ओसरीवर बसलो होतो.

मी पुढे रॅपर झालो नाही, ते बरंच झालं. रोशन झाला. त्याचं नाव आहे, मोठमोठ्या शहरांत कार्यक्रम होतात, आणि त्याचा फोटो कुठं दिसला की अजूनही छातीखाली जरा जळतं; खोटं कशाला बोलू? बाबा जाऊन आता बराच काळ झाला. ते गेले तेव्हा रोशन धावत आला, तेरावं होईपर्यंत राहिला, आणि परत गेल्यावर त्याचा फोन आला. "मंग्या, त्या दिवशीचं तुह्याजवळ असन ना? 'तोंडात सरकी धरली काय', तेवढंच पाठव. नव्या गान्याच्या सुरुवातीले लावतो. समद्या दुनियेले मामाजी ऐकू येतीन."

"नाई," मी म्हटलं.

"अबे, तुले त रोजच शिव्या भेटत होत्या."

"भेटत होत्या. रेकॉर्ड तेवढीच हाये."

तो म्हणाला, "बरं, ऐकव त खरं." मी दुकानाचं दार लावलं, फोन स्पीकरजवळ धरला आणि लावलं. हॉर्न, घुमणारी खोली, माझा चिरका आवाज, आणि मध्येच बाबा. तिकडून तो म्हणाला, "अजून एकदा."

तो अजूनही अधूनमधून फोन करतो. "लाव" म्हणतो, मी लावतो. "पाठव" म्हणतो, मी नाही म्हणतो. त्याच्याजवळ आवाज आहे, नाव आहे, आणि बाबा त्याच्या पाया पडत होते. ओरडत मात्र ते माझ्यावर होते, आणि ते मी कोणालाही देणार नाही.